ऊसतोड बायांच्या 'पिशवी'च्या ऑपरेशनांवर अभ्यास करायचाय. विद्यापीठाच्या निधीसाठी प्रस्ताव कसा मांडू?

कोयत्याची लेक

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. विद्यापीठाच्या लघुसंशोधन योजनेत यंदा पुन्हा अर्ज करतेय. रक्कम २ लाख, मुदत एक वर्ष, शेवटची तारीख ३० ऑगस्ट. गेल्या वर्षी याच विषयावरचा माझा प्रस्ताव परत आला. शेरा दोनच वाक्यांचा होता: 'विषय महत्त्वाचा, पण मांडणी भावनिक. तुलना कोणाशी ते स्पष्ट नाही.' पहिलं वाक्य मला अजून लागतं. दुसरं मात्र खरं होतं, हे आता कळतंय.

विषय तुम्हाला माहीत असेल. २०१९ साली आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या, विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळपास सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये देशाचा आकडा ३.२ टक्के होता. मी मागच्या वेळी हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवले, 'पाचपट' असं लिहिलं, आणि सगळं सिद्ध झालं असं समजले.

माझी माय त्या शंभरातल्या सतरांपैकी. माय-बाप दोघं मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी. दसरा झाला की टोळी निघायची, कधी सांगली, कधी कोल्हापूर, कधी पार बेळगावकडं. मी आजीपाशी राहून हंगामी वसतिगृहात जेवून शिकले. मायच्या अंगावरून पांढरं जायचं, पोटात कळा यायच्या. फडात मोळ्या उचलायच्या, कोपीवर (झोपडीवर) ना पाणी ना आडोसा, आणि एक दिवस बसलं की खाडा, म्हणजे दंड. एका हंगामानंतर एका खासगी दवाखान्यात नेलं, सोनोग्राफी झाली, "गाठ आहे, पुढं कॅन्सर होईल" असं सांगितलं आणि चार दिवसांत ऑपरेशन झालं. तेव्हा तिला तिशीही लागली नव्हती. पैसे मुकादमाकडून (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून) आणले, म्हणजे पुढच्या हंगामाची उचल (आगाऊ घेतलेली मजुरी) वाढली. ती फेडायला टाके पुरते भरायच्या आत ती पुन्हा फडात गेली. पुढं कंबर गेली, हाडं दुखायला लागली, अंगातून वाफा निघायला लागल्या. याचा त्या ऑपरेशनशी काही संबंध असेल असं तिला कुणी सांगितलं नाही.

म्हणून मला नुसतं किती जणींची पिशवी काढली एवढं मोजायचं नाही. आजार, ऑपरेशन, उचल आणि पुन्हा फड ही साखळी कशी चालते ते दाखवायचं आहे. ऑपरेशनच्या आधी उचल किती होती, नंतर किती झाली, आणि किती दिवसांत बाई कामाला लागली.

एक गोष्ट मला गावात फिरताना सापडली आहे, ती प्रस्तावात घालावी की नाही ते सांगा. बायांना "ऑपरेशन कोणत्या साली झालं?" असं विचारलं तर सांगता येत नाही. "त्या साली कोणत्या कारखान्यावर होतात?" असं विचारलं की लगेच उत्तर येतं. कारखाना, मुकादम, गाडी बैलाची होती की डोकी सेंटरला (मोळ्या डोक्यावरून ट्रकमध्ये भरायला) होतो, सोबत कोण होतं, सगळं आठवतं. त्यावरून साल काढता येतं. उचलीचंही तसंच, हंगामागणिक आकडा तोंडपाठ असतो.

माझ्या अडचणी अशा. तुलना कोणाशी करू? आमच्या महाविद्यालयात नीतिमत्ता समिती नाही, तर मान्यता कुठून घेऊ? बायांचा अर्धा दिवस मोडतो, त्याचे पैसे अंदाजपत्रकात धरता येतात का, की ते लालूच दाखवणं ठरतं? आणि मी स्वतः कोयत्याची लेक आहे हे लिहू की लपवू? विभागातले सर म्हणतात, "लिहू नका, तटस्थता जाते."

आकडेमोड

ताई, मी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जनऔषधवैद्यकशास्त्र शिकवतो. तुमचा तुलनेचा प्रश्न आधी घेतो, बाकी सगळं त्यावर उभं आहे.

१७ आणि ३.२ शेजारी ठेवता येत नाहीत. एकात वय १५ ते ४९, त्यात अविवाहित मुलीही आल्या. दुसऱ्यात काम करणाऱ्या बाया, बहुतेक लग्न झालेल्या, वयानं मोठ्या. वयाचा फरक काढला की पाचपट राहणार नाही. तरीही फरक उरेल असं मला वाटतं, पण तो किती हे आज कुणाला सांगता येणार नाही, आणि तुमच्या अभ्यासाची गरज नेमकी तीच आहे. प्रस्तावात हेच लिहा.

तुलनेचा गट त्याच गावातला घ्या. तीच वस्ती, तीच जमीनधारणा, शक्य तिथं तीच जात, वय पाच वर्षांच्या आत, पण घरातलं कुणीच ऊसतोडीला जात नाही. म्हणजे दवाखान्याचं अंतर, डॉक्टर, बोलणं-चालणं सारखं. फरक फक्त कोयत्याचा.

एक खड्डा सांभाळा. ऑपरेशननंतर ज्यांना झेपेनासं झालं त्या कोयता सोडून घरी बसल्या असतील. आज ऊसतोडीला जाते की नाही यावरून गट पाडले तर त्या बाया चुकीच्या बाजूला पडतील आणि ऊसतोडीचा त्रास होता त्याहून कमी दिसेल. गट पाडायचा तो ऑपरेशनच्या आधीच्या हंगामांवरून. आणि त्यासाठी तुमची कारखान्याची युक्ती सोन्यासारखी आहे. ती परिशिष्टात ढकलू नका.

नमुन्याचा आकडा: ऊसतोड गटात १७ टक्के, दुसऱ्यात ८ टक्के धरलं, नेहमीचा ९५ टक्के विश्वासस्तर आणि ८० टक्के क्षमता (फरक खरंच असेल तर तो सापडण्याची शक्यता) घेतली, तर प्रत्येक गटात २११ बाया लागतात. गावं निवडून त्यातून बाया घेणार, आणि एका गावातल्या बाया एकमेकींसारख्या असतात, म्हणून दीडपट करा: ३१६. दहा टक्के नकार धरा: साधारण ३५०. दोन्ही मिळून ७००.

नीतिमत्ता समितीचं: भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, ज्या संस्थेकडे स्वतःची समिती नाही तिला करार करून दुसऱ्या संस्थेची समिती वापरता येते. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांना प्राचार्यांच्या सहीचं पत्र द्या. मंजुरीला वेळ लागतो, तेव्हा आजच द्या.

दप्तर

मी संशोधक नाही. एका विद्यापीठात प्रकल्पांचे हिशेब बघण्यात बावीस वर्षं गेली. आकडेमोड सरांचं गणित बरोबर असणार, पण ताईंकडे दोन लाखच आहेत.

७०० बाया. दोन मुलाखत घेणाऱ्या मुली, प्रत्येकी दिवसाला सहा मुलाखती, म्हणजे ५८-५९ दिवस. रोजाला ६०० धरले तरी ७० हजार. बायांना मोडलेल्या वेळेचे २०० दिले तर १ लाख ४० हजार. इथंच २ लाख १० हजार झाले. प्रवास, छपाई, माहिती भरणं अजून बाकीच आहे. असा प्रस्ताव समोर आला की समिती पहिल्या पानावर हो म्हणते आणि अंदाजपत्रकावर येऊन नाही म्हणते. हे मी किती वेळा पाहिलंय.

दुसरं, पैसा कधी येतो ते बघा. ऑगस्टमध्ये अर्ज, छाननी, सादरीकरण, मंजुरीपत्र, आणि पहिला हप्ता बहुतेक जानेवारी-फेब्रुवारीत. ३१ मार्चला उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा खर्च झाल्याचा दाखला) मागतात. त्या वेळी तुमच्या बाया कुठं असतात? फडात. गावात कुलूप. मग घाईनं खर्च दाखवायचा, म्हणजे प्रिंटर आणि कपाट घ्यायचं, आणि बाया गावी येतात तोवर वर्षाचं निम्मं गेलेलं. म्हणून कामाचं वेळापत्रक महिन्यांत लिहू नका, हंगामांत लिहा. पहिला हप्ता येईल तेव्हा प्रश्नावली, छपाई, मुलींचं प्रशिक्षण, नीतिमत्ता समितीचं शुल्क. पट्टा पडून (कारखान्याचा हंगाम संपून) टोळ्या परतल्या की एप्रिल ते जून मुलाखती. आणि पत्रातच विनंती करा की खर्च न झालेली रक्कम पुढच्या आर्थिक वर्षात वापरायची परवानगी मिळावी. मंजुरीच्या वेळी मागितली तर मिळते. मार्चमध्ये मागितली तर मिळत नाही.

बायांच्या पैशाला 'मानधन' म्हणू नका, लेखापरीक्षक मानधनासाठी सतरा कागद मागतो. 'सहभागी महिलांच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई' असं लिहा. यादीवर सही किंवा अंगठा. पण त्या यादीत नावापुढे आजार येता कामा नये. दोन वेगळ्या वह्या ठेवा.

सिस्टरबाई

लेकी, मी आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले, सगळी नोकरी मराठवाड्यात उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत गेली. तुझ्या मायचं वाचून रात्री झोप लागली नाही. अशा कितीजणी माझ्यासमोर बसून गेल्या.

तू प्रश्नावलीत "ऑपरेशन झालं का?" असं विचारशील तर फसशील. आपल्या बायांच्या तोंडी 'ऑपरेशन' म्हणजे मुलं बंद करायचं. हो म्हणतील आणि तू पिशवीत मोजशील. "पिशवी काढली का?" असंच विचार, आणि त्यापुढं लगेच "मग पाळी कधीपासून बंद?" हा दुसरा प्रश्न पहिल्याची खात्री करतो. काहीजणींची पिशवी फक्त 'धुतलेली' असते, म्हणजे क्युरेटिन, आतलं अस्तर खरवडून काढलेलं. त्यासुद्धा काढली म्हणून सांगतात.

बीजकोश (अंडाशय) ठेवले की काढले हे बहुतेकींना माहीतच नसतं. ते कागदावरच कळेल. डिस्चार्ज कार्ड बघायला माग. ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत, रेशनकार्डाच्या पिशवीत असतं. जिच्याकडं नसेल तिला रागवू नको, कोपीत उंदरानं खाल्लं असेल, पावसात गेलं असेल. पण किती जणींकडं कागद आहे आणि त्यावर काय कारण लिहिलंय, एवढं जरी तू मोजलंस तरी आजवर कुणी नीट मोजलेलं नाही असं काम होईल. मायला वाफा येतात म्हणालीस. कमी वयात बीजकोश गेले की पाळी जाण्याचा सगळा त्रास एकदमच येतो, हाडंही ठिसूळ होतात. तिचं कार्ड शोध, आणि सरकारी रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव. प्रस्ताव नंतर.

मुलाखत नवऱ्यासमोर नको, सासूसमोर तर नकोच. मुकादम गावात आहे त्या दिवशी जाऊ नको.

पलीकडची खुर्ची

मी अशा निवड समित्यांवर बसले आहे (तुमच्या विद्यापीठाच्या नाही), म्हणून 'लिहू की लपवू' याबद्दल बोलते.

लपवू नका. पण प्रस्तावनेत लिहू नका. 'संशोधकाची पात्रता व क्षेत्राचा परिचय' असा रकाना असतो, तिथं तीन वाक्यं: मी ऊसतोड कुटुंबातली आहे, त्यामुळे भाषा आणि हंगामाची रचना मला आतून माहीत आहे, त्याचा कल निष्कर्षांवर पडू नये म्हणून माझं गाव आणि माहेर-सासरचे नातेवाईक नमुन्यातून वगळले आहेत, गटांचं विश्लेषण दुसरी व्यक्ती करेल. एवढं लिहिलं की तटस्थतेचा प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर मिळतं. तुमच्या विभागातल्या सरांचा हेतू चांगला असेल, पण मला त्यांचं पटत नाही. बाहेरून आलेल्या माणसाला कारखान्यावरून साल काढायचं सुचलं नसतं.

'भावनिक' हा शेरा कशामुळे येतो तेही सांगते. अर्जात दुःख आधी येतं आणि प्रश्न शेवटी. प्रश्न आधी येऊ द्या. मग तेच दुःख पुरावा म्हणून वाचलं जातं.

पार्श्वभूमीत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा १९८९ चा 'लॅन्सेट'मधला अभ्यास घ्या. गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बाया तपासल्या, ९२ टक्क्यांना स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. तुमच्या विषयाशी तो थेट जोडला जातो. अंगावर आजार काढणाऱ्या बाईला वर्षानुवर्षं कुणी तपासत नाही, आणि मग एक दिवस थेट पिशवीच काढतात. उपचार न मिळणं आणि नको तो उपचार मिळणं, दोन्ही आरोग्यविषमताच. हे मांडणारी प्रस्तावना सहसा वाचायला मिळत नाही.

आणि दप्तर यांच्याशी सहमत. दोन लाखांत ७०० नाही. विषमता सिद्ध करण्याचा दावा या अर्जातून काढा, तो पुढच्या मोठ्या अर्जात करा.

कोयत्याची लेक

सगळ्यांना उत्तर द्यायला चार दिवस लागले. आकडेमोड सर, तुमचा खड्डा वाचून मी मागच्या वर्षीच्या माझ्या नोंदी काढल्या. एकवीस बायांशी बोलले होते. त्यातल्या पाच जणी 'आता जात नाही' म्हणून मी बाजूला काढल्या होत्या. पाचही जणींची पिशवी काढलेली. मी त्यांना वगळून बसले होते.

विषमता सिद्ध करण्याचा दावा काढायला जड गेलं. दोन दिवस मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. इतक्या बाया, आणि मी परत 'प्राथमिक अभ्यास' असं लिहू? मग आकडे मांडून बसले. १६० बाया, ८० अधिक ८०. मुलाखतीचे चौदा दिवस, दोघींचा रोज १६,८००. बुडालेल्या मजुरीची भरपाई ३२,००० (हा शब्द तुमच्याकडून घेतला, दप्तर सर). प्रवास, छपाई, माहिती भरणं, प्रशिक्षण, आणि एका स्त्रीरोगतज्ज्ञांकडून डिस्चार्ज कार्डं वाचून घेण्याचा खर्च धरूनही दोन लाखांच्या आत बसतं. तपासणीची गरज दिसेल त्या बाईला सरकारी रुग्णालयात पोचवायचा प्रवासखर्चही यात धरलाय.

उद्दिष्ट आता एकच ठेवलंय, ते इथं टाकते, कृपया बघा:

"ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचा काळ, कारण आणि त्यासाठी झालेलं कर्ज हे हंगाम व कारखाना यांच्या आठवणीवरून किती अचूक नोंदवता येतं, याची उपलब्ध डिस्चार्ज कार्डांशी पडताळणी करणे, आणि त्याच गावांतल्या ऊसतोडीला न जाणाऱ्या महिलांशी तुलना करणाऱ्या मोठ्या अभ्यासासाठी प्रश्नावली सिद्ध करणे."

तुलनेच्या गटाचे निकष, हंगामांवरून गट पाडण्याची रीत आणि ३५० चं गणित 'पुढील टप्पा' म्हणून अर्ध्या पानात घातलंय. स्वतःबद्दल तीन वाक्यं लिहिली. माझं गाव वगळलं. वैद्यकीय महाविद्यालयाला प्राचार्यांचं पत्र परवा गेलं.

सिस्टरबाई, तुमचे प्रश्न मायला आणि शेजारच्या तिघींना विचारून पाहिले. नमुन्यात त्या नाहीतच, फक्त शब्द तपासायला. 'पाळी कधीपासून बंद' या प्रश्नाला एकीनं सांगितलं, "चालूच आहे की." तिची पिशवी धुतलेली होती. गेल्या वर्षी मी तिला काढलेल्यांत मोजलं होतं.

मायचं कार्ड सापडलं. पत्र्याच्या ट्रंकेत, माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेखाली. मला त्यातलं अक्षर लागत नाहीये. निदानाच्या ओळीत दोन शब्द आहेत, त्यातला दुसरा अर्धा पुसलाय. मंगळवारी जिल्हा रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागात तिला घेऊन जातेय, कार्ड सोबत नेते.

सिस्टरबाई

सकाळी लवकर जा, केसपेपरला रांग असते. आणि कार्डाची झेरॉक्स आधी काढ, मूळ कागद कुणाकडं ठेवू नको. काय सांगितलं ते इथं लिही.